झाकलेलं चित्र : पहिलीच्या वर्गाच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२४, शनिवार

शाळा सुरू. तोरण, रांगोळी, औक्षण, प्रत्येकाच्या हातात एक फूल आणि नवी पुस्तकं. फुलांचा दुपारपर्यंत चोळामोळा झाला, तीन जण रडून घरी गेले, एक जण बाकाखाली झोपला. दरवर्षीचंच.

पहिलीचा पट सव्वीस. शाळा नाशिकच्या पंचवटीत, मार्केट यार्डापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. त्यामुळे वर्गात हमालांची, भाजीचा गाडा लावणाऱ्यांची मुलं जास्त. काही घरं पेठ-सुरगाण्याकडून बांधकामावर आलेली, त्यांची बोली कोकणा. दोन मुलं मालेगावकडची, ती आपसात अहिराणी बोलतात आणि माझ्याशी अजिबात बोलत नाहीत.

यंदा प्रत्येक शिक्षकाने एक छोटा प्रकल्प घ्यायचा असं मीटिंगमध्ये ठरलं. मी ‘चित्रांच्या मदतीने सुरुवातीचं वाचन’ हा विषय घेतला. खरं कारण लिहून ठेवते: सोपा वाटला. भिंतीवर तक्ता आहे, कपाटात चित्रं आहेत, मधूनमधून नोंदी करायच्या, मार्चमध्ये अहवाल द्यायचा, सुटलो.

२० जून, गुरुवार

तक्ता घेतला. अंगणवाडीतून आलेली मुलं एका सुरात म्हणतात, अ अननसाचा, आ आईचा. एक मुलगा तर थेट ज्ञपर्यंत न थांबता गेला. टाळ्या वाजवल्या. मग सहज सुचलं म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापल्या आणि तक्त्यावरची चित्रं झाकली. फक्त अक्षरं उघडी. त्याच मुलाला ‘ब’वर छडी टेकवून विचारलं, हे काय?

बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, कागद काढा ना, मग सांगतो.”

इतरांचीही तीच गत. अ आणि आ बऱ्याच जणांना आले, कारण ते पहिले दोन आहेत. बाकी अंदाजपंचे.

मग उलटं करून पाहिलं. अक्षरं झाकली, चित्रं उघडी ठेवली. एडक्याला सगळे “बकरी” म्हणाले. ऐरणीला एक जण “मशीन” म्हणाला, बाकीचे गप्प. उखळाला “डमरू”, आणि पुढे खरा डमरू आल्यावर “परत डमरू”. म्हणजे ‘ए’समोर मुलाच्या तोंडात ब, ‘उ’समोर ड. औताला सुरगाण्याचा मुलगा “नांगर” म्हणाला. त्याच्या बाजूने बरोबरच की.

‘ण’ला तर एका मुलीने मलाच धरलं. “मॅडम, बाण तर ब-ने होतो.” मराठीत ण-ने किंवा ळ-ने सुरू होणारा शब्दच नाही, म्हणून बाण आणि बाळ. हे सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? म्हटलं, ण शेवटी लपलाय. तिने मान डोलावली, पण पटलेलं नव्हतं.

प्रकल्प सोपा नाही.

२ जुलै, मंगळवार

या आठवड्यात अक्षर नाहीच. नुसतं चित्रवाचन. मोठं चित्र, बाजाराचं: गाडे, गाय, छत्रीखाली बसलेली बाई, पळणारा मुलगा.

“काय काय दिसतं?” असं विचारलं की यादी मिळते. गाय, छत्री, बाई, टमाटे. वाण्याकडच्या यादीसारखी. आज प्रश्न बदलला: “काय चाललंय?” लगेच क्रियापदं आली. “गाय मेथी खाऊ राहिली.” “पोरगा पळू राहिला.” तिसरा प्रश्न, “आता काय होईल?” यावर वर्गात गोंधळच. ती बाई गाईला मारणार, नाही नाही, पोरगा गाईला पळवणार, गाय त्याला शिंग मारणार. मालेगावच्या दोघांपैकी धाकटा पहिल्यांदा बोलला. काय बोलला ते मला नीट कळलं नाही, पण अख्खा वर्ग हसला, तोही हसला.

एक गंमत: चित्राच्या कडेला एक बैल अर्धाच दिसतो. एका मुलीने गंभीरपणे विचारलं, “याला कापलं का?” चित्राची चौकट म्हणजे खिडकी, पलीकडे बैलाचा उरलेला भाग आहे, हेही शिकावं लागतं. पुठ्ठ्याला चौकोन पाडून त्यातून एकमेकांकडे बघायला लावलं. अर्धा तास त्यातच गेला. वाया गेला असं वाटत नाही.

११ जुलै, गुरुवार

आज स्वतःवरच चिडले.

मोठ्या अक्षरातलं गोष्टीचं पुस्तक. पानावर आजी, पुढ्यात मेथीची जुडी, खाली ओळ: ‘आजी भाजी निवडते.’ दोनदा मीच वाचून दाखवलं होतं. हमालाच्या मुलाला पुढे बोलावलं. त्याने एकेका शब्दाखाली बोट ठेवत मोठ्याने वाचलं: “आजी. मेथी. निवडू राहिली.”

मी “शाब्बास” म्हणाले! बोट बरोबर सरकत होतं, अर्थ बरोबर, आत्मविश्वास तर विचारूच नका. तो जागेवर जाऊन बसल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. ‘मेथी’ कुठे लिहिलंय? त्याने आजी वाचली नाही, पाहिली.

माझी मैत्रीण बीएडला शिकवते, तिला रात्री फोन केला. ती म्हणाली, यात नवीन काही नाही, १९६७ साली सॅम्युएल्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने हेच तपासलं होतं. नव्या शब्दाशेजारी चित्र असलं की शिकताना उत्तरं पटापट येतात. पण परीक्षेला चित्र काढून घेतलं की बिनचित्राची शिकलेली मुलं पुढे जातात. मुलाची नजर जिथे सोपं उत्तर मिळतं तिकडे जाते. मी विचारलं, मग चित्रं फेकून देऊ? म्हणाली, तसं कोणी म्हटलंय? चित्र कुठे ठेवतेस ते बघ.

५ ऑगस्ट, सोमवार

काल गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गंगेला पूर. (बाहेरगावच्या वाचकासाठी: नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात.) आज वर्गात निम्मीच मुलं, आणि जी आली त्यांच्या तोंडी एकच विषय, दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीकाठची मारुतीची मोठी मूर्ती. पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, यावरून गावाला पूर कळतो. आकडे धरणवाल्यांना, आम्हाला मारुती.

ठरवलेला पाठ बाजूला ठेवला. “काढा मारुती.” सगळ्यांनी काढला. कुणाचा मारुती शेपटीसकट पोहतोय, कुणाचं फक्त डोकं वर. मग प्रत्येकाला विचारलं, काय झालं ते सांग, आणि तो सांगेल तेच चित्राखाली लिहिलं. एकाचं: ‘मारुतीला पाणी लागलं.’ दुसऱ्याचं: ‘मारुती बुडू राहिला.’ यावर एक मुलगी भांडायलाच उठली: “मारुती बुडत नसतो!” तिचं तेच लिहिलं.

‘बुडू राहिला’ लिहिताना माझा हात क्षणभर अडखळला. शेजारच्या वर्गाचे सर डोकावून म्हणालेच, अहो, प्रमाणभाषा? सध्या मूल बोलतं तेच कागदावर उमटतं एवढंच त्याला कळू दे. ‘बुडतो आहे’ दुसरीत येईल, पळून जात नाही.

६ ऑगस्ट, मंगळवार

कालची वाक्यं कापून शब्दांच्या चिठ्ठ्या केल्या, चित्रं उलटी ठेवली, चिठ्ठ्या मिसळल्या. ‘मारुती’ बहुतेकांनी शोधला. ‘पाणी’ काहींनी. ‘लागलं’ कुणीच नाही. पण आज मुलं अक्षरांकडे डोळे बारीक करून बघत होती. हे मी जूनपासून पहिल्यांदा पाहिलं.

२२ ऑगस्ट, गुरुवार

आज सविस्तर लिहिते, कारण हे जमलंय.

मैत्रिणीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. १९८४ मध्ये लिनिया एहरी या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की चित्र अक्षराच्या शेजारी असण्यापेक्षा अक्षराच्या आकारातच बसवलेलं असलं तर मुलं अक्षर-आवाजाची जोडी लवकर पकडतात. त्यांची अक्षरं इंग्रजी. देवनागरीत काय बसवायचं? दोन रविवार कागद रंगवले. घरच्यांनी स्वयंपाकाची आशा सोडली होती.

उत्तर शेवटी मुलांच्याच घरात सापडलं, म्हणजे भाजीच्या गाड्यावर. ‘व’ म्हणजे दांडीला लागलेलं वांगं. ‘ब’ म्हणजे बटाटा, मधून सुरी फिरवलेला. व आणि ब मध्ये मुलं कायम घोटाळा करतात, आणि फरक त्या एका तिरक्या रेघेचाच. ती रेघ सुरीची झाली आणि घोटाळा बराच कमी झाला. ‘क’ला डावीकडे कांदा, उजवीकडे वळलेली पात. ‘ल’च्या दोन कमानी म्हणजे लसणाच्या दोन पाकळ्या. ‘ट’ म्हणजे देठाला लटकलेला, एका बाजूने कुणीतरी खाल्लेला टमाटा.

आधी खरी भाजी आणली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली तेव्हा आजूबाजूला मिळेल तेच साहित्य वापरलं होतं, हे डीएडला पाठ केलं होतं, वापरलं आज. वांगं हातात घेऊन मुलं “व्‌, व्‌” म्हणाली. बटाटा खरंच कापला. मग फळ्यावर वांगं काढलं, त्यावरून खडूने जाडसर ‘व’ गिरवला. तीन दिवस रंगीत चित्र अक्षरात, पुढचे दोन दिवस पेन्सिलीने फिकट, मग नुसतं अक्षर. फिकट करायची पायरी मी पहिल्यांदा विसरले होते, तर ‘क’ला दोन दिवस मुलं “कांदा” असंच वाचत होती. ‘कप’ लिहिलं की “कांदा-प”. फिकट केल्यावर हळूहळू सुटलं.

फसलेलंही लिहिते. भ आणि म साठी काही जमत नाही. भेंडी आणि मिरची करून पाहिली. मुलांनी दोघांनाही मिरची ठरवलं, एकीने “मिरची-भेंडी” असं नवीनच वाण काढलं. घ-ध अजून हातातच घेतलेलं नाही.

२ सप्टेंबर, सोमवार

पोळा. हजेरी जेमतेम. मातीचे बैल केले, बस.

१२ सप्टेंबर, गुरुवार

काही अक्षरांना वस्तू नकोच, आवाजच पुरतो. ‘स’ला सापाचा फुत्कार, ‘श’ला तोंडावर बोट ठेवलेली बाई, ‘फ’ला मेणबत्ती विझवणारा मुलगा, ‘ह’ला धापा टाकणारा कुत्रा. ही कल्पना माझी नाही, साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. कॉमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाने १६५८ मध्ये न्युरेंबर्गला मुलांसाठी चित्रांचं पुस्तक छापलं. त्यात सुरुवातीलाच प्राण्यांच्या आवाजांची मुळाक्षरं आहेत आणि पहिला मान कावळ्याचा, तो ‘आ आ’ करतो. आमच्या मुलांना हे सांगितलं तर एकमुखाने विरोध: “कावळा काव काव करतो!” त्यामुळे आमच्याकडे कावळा ‘क’लाच. कांद्याला जोडीदार मिळाला.

‘श’ शिकवल्यापासून वर्ग शांत करायला मला ओरडावं लागत नाही. फळ्यावर नुसतं अक्षर लिहायचं.

९ ऑक्टोबर, बुधवार

व ब क ल ट आणि काना. एवढ्यावर किती शब्द होतात ते काढत बसले: काका, बाबा, वाट, टाका, लाल, काल, बाक, वाल, वाटा, काटा. पहिलीला पुष्कळ झाले.

आता चित्र मागच्या दारी ठेवलंय. जुन्या लग्नपत्रिका जमवल्या (दोन घड्यांचा जाड कागद, फुकट, आणि नाशकात पत्रिकांना तोटा नाही). बाहेर शब्द, आत चित्र. आधी वाच, मग दार उघड आणि बघ बरोबर आलं का. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आधी दार उघडलं. म्हणून जोड्या लावल्या: पत्रिका एकाच्या हातात, वाचणारा दुसरा. पहारेकरी फार कडक निघाले. नुसती फट दिसली तरी “डोकावला, डोकावला!”

दोन प्रसंग. एका पत्रिकेवरचा गणपती झाकायचा राहिला होता. ‘टाका’ लिहिलेलं ते कार्ड एक मुलगी रोज मनोभावे “गणपती” असं वाचायची. चिकटपट्टी लावली.

दुसरा जास्त महत्त्वाचा. ‘काटा’च्या आत मी बाभळीचा काटा काढला होता. गाड्यावाल्याच्या मुलीने शब्द बरोबर वाचला, दार उघडलं आणि तोंड पाडलं. “चुकलं.” म्हटलं, चुकलं कुठे? म्हणाली, “मी काटा वाचला, हा तर बोचणारा आहे.” तिचा काटा म्हणजे वजनकाटा. आता त्या कार्डात दोन्ही काटे आहेत. ‘वाटा’त मात्र मी शहाणपणाने गाड्यावरचा कांद्याचा ढीग काढला, सगळ्यांनी एका फटक्यात ओळखला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच निवडणुकीचं काम. प्रशिक्षण, साहित्य वाटप, उद्या मतदान. वर्ग जवळपास महिनाभर बंद असल्यासारखा. एकच नोंद: मतदान यंत्रावरही नावाशेजारी चिन्ह आहेच. रांगेत उभ्या राहणाऱ्या कितीतरी आज्यांना अजून कुणी ते झाकायला सांगितलेलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

पहिली वेलांटी. इथे चित्राने हात टेकले.

‘कि’मध्ये वेलांटी दिसते आधी, ऐकू येते नंतर. मूल डावीकडून वाचत येतं, त्याच्या वाटेत आधी वेलांटी, म्हणून ते “इ-क” म्हणतं. त्याचं काय चुकलं? छत्री काढली, आकडा काढला, काही उपयोग नाही. आकाराची अडचण नाहीच, क्रमाची आहे. शेवटी मुलांनाच उभं केलं. एकाच्या गळ्यात ‘क’ची पाटी, दुसऱ्याच्या गळ्यात वेलांटी. वेलांटीवाल्याने क-च्या डावीकडे उभं राहून हात त्याच्या डोक्यावर धरायचा, पण बोलायचं मात्र क-ने बोलून झाल्यावर. दोन दिवस दंगा झाला, तिसऱ्या दिवशी बऱ्याच जणांना लागलं. सगळ्यांना नाही. दुसरी वेलांटी त्यामानाने गरीब, उजवीकडे उभी राहते, कुणाला त्रास देत नाही.

याच आठवड्यात वर्ग बघायला एक साहेब आले होते. शेरा: ‘वर्गात चित्रमय वातावरण कमी.’ चित्रं आहेत हो, पत्रिकांच्या आत आहेत. सांगायला गेले, तोवर ते दुसरीच्या वर्गात पोचले होते. तक्त्यावरच्या पट्ट्यांबद्दल “हे फाटलंय का?” असंही विचारून गेले.

१६ जानेवारी २०२५, गुरुवार

जूनमध्ये मी ऐरणीची टिंगल केली होती. आज ती परत घेते.

नवीन मुलगी आली आहे, रस्त्याकडेला पाल टाकून विळे-कोयते करणाऱ्या लोहाराची. शाळा पहिल्यांदाच. मधल्या सुट्टीत ती तक्त्यासमोर उभी होती आणि एका चित्रावरची पट्टी वर करून, त्यावर हात ठेवून दुसऱ्या मुलींना सांगत होती, “ही ऐरण. आमच्याकडे हाये. हिच्यावर माझी माय घण मारती.” बाप लोखंड धरतो, आई घण मारते. हे तिने हाताने करून दाखवलं. वर्गात दुसऱ्या कुणालाच ती वस्तू ठाऊक नव्हती.

तिच्यासाठी ‘ऐ’ हे पहिलं अक्षर झालं. अ-आ-इ-ई अजून यायचे आहेत, ऐ पक्का. मुलांनी आता तक्त्यावरची ती एक पट्टी काढून टाकली आहे. एडक्याची तशीच आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

द्राक्षांचा हंगाम, काही मुलं आईबापांबरोबर बागांवर गेली आहेत. लोहाराचं पालही हललं. ती जाताना पाच पत्रिका घेऊन गेली. विचारून नेल्या, पण कोणत्या ते सांगितलं नाही. खोक्यात मोजल्यावर कळलं, ‘काका’, ‘लाल’, ‘बाक’ आणि दोन कोऱ्या.

राहिलेल्यांपैकी बरीचशी मुलं काना-वेलांटीचे शब्द चित्र न बघता वाचतात. पाच जणांना अजून चित्र आधी लागतं. त्यांना मी आधी देते. ज्या मुलाला एकही शब्द येत नाही त्याला रोज अपयशच दाखवायचं हे मला जमत नाही. मैत्रीण म्हणते तू नियम मोडतेस. मोडते.

भ-म: एका मुलानेच तोडगा काढला. भ-च्या डाव्या टोकाला जी गाठ आहे तो “भोवरा”, तिथे दोरी गुंडाळलेली. म-ला गाठ खाली, शिवाय डोक्यावर रेघ पूर्ण. भोवऱ्याचं अजून पुरतं जमलेलं नाही, पण माझ्या भेंडीपेक्षा बरं.

५ मार्च, बुधवार

अहवाल द्यायचा म्हणून मागच्या बाकावरच्या हमालाच्या मुलाची तपासणी घेतली. तोच, मेथीवाला. पत्रिकांचा गठ्ठा त्याच्यासमोर ठेवला. एकेक उचलायचा, ओठ हलवत वाचायचा, मोठ्याने म्हणायचा, मग दार उघडायचा. ‘बाबा’, ‘वाट’, ‘काटा’ (दोन्ही काटे पाहून हसला). मग ‘वाल’ आला. वाचला: “व… वा… वाल.” दार उघडलं. बराच वेळ आत बघत राहिला. परत बंद केलं, बाहेरच्या शब्दाखालून बोट फिरवलं, परत उघडलं.

“मॅडम, हा घेवडा आहे.”

मी बघितलं. घाईत काढलेली चपटी हिरवी शेंग. घेवडाच होता.

“मग काय लिहिलंय तिथे? घेवडा?” मी मुद्दाम विचारलं.

“नाही, वालच लिहिलाय,” त्याने अक्षरांवर बोट आपटून दाखवलं. “चित्र चुकलंय.”

उद्या वालाची शेंग आणून नीट बघून काढायची. तोच आणतो म्हणाला.